डोलीमंडळाची गाडी चढ का चढेना

न्यारुहंगा, ४ जुलै १९९९

येरेमिया, माझ्या भावा,

तू बरा आहेस असं धरूनच लिहिते. बरा नसतास तर तुझ्या बायकोनं कळवलंच असतं, तिला वाईट बातमी पोटात ठेवता येत नाही. इकडे सगळं ठीक. बटाटे एवढे आलेत की कोठीचं दार लागत नाही. शेळी मेली, पण ती म्हातारीच होती.

आता मुद्द्याचं. तू गाव सोडलंस तेव्हा आपलं डोलीमंडळ खांद्यावर चालायचं. कुणी आजारी पडलं, कुणी अडली, की चार खांदे पुढे, चार मागे, आणि डोंगर उतरून कबालेच्या दवाखान्यात. आता खांदेच उरले नाहीत. सगळी पोरं तुझ्या कंपालात. म्हणून दोन वर्षांपूर्वी मंडळानं जुनी गाडी घेतली, जपानची, पांढरी, मागे माणूस आडवा झोपेल एवढी लांब. काचेवर जपानी चिठ्ठी आहे, ती अजून कुणाला वाचता आली नाही. मी म्हणते, त्यात लिहिलं असेल, "ही घेऊ नका."

गाडी ऑटोमॅटिक घ्या असं मीच भांडून सांगितलं होतं. का ते तुला माहीत आहे. माझी नात एनिड. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापानं गेला, पण या गाडीला क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. दोन वर्षं मंडळाची ड्रायव्हर आहे ती. लोक आता तिला "लंगडी एनिड" म्हणत नाहीत, "ड्रायव्हर" म्हणतात. मी घरात असते तरी ऐकू येतं मला.

आणि आता गाडी चढ चढेना. सकाळी निघते तेव्हा चांगली. कबालेहून परत येताना त्या निलगिरीच्या वळणावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणजे घसा आहे, पाय नाहीत. गेल्या महिन्यात दवाखान्यातून परत येणाऱ्या बाळंतिणीला उतरवून चालवावं लागलं. माळ्यावरून जुनी डोली काढली, तिच्यात कोंबडी बसलेली.

मंडळाचे अध्यक्ष तिबेसिग्वा म्हणतात, विका ही. २९ ऑगस्टला चर्च सुटल्यावर बैठक आहे. ते हातानं गिअर टाकायची पिकअप घ्यायची म्हणतात, म्हणजे त्यांचा जावई चालवेल. एनिड गप्प आहे. ती गप्प बसली की भांडी जास्त घासते. घरात आता घासायला भांडं उरलेलं नाही.

तू एवढी वर्षं बसगाड्यांच्या पोटात हात घालतोयस. मला सांग, काय बघू? मी बघेन. डोळे अजून शाबूत आहेत.

तुझी बहीण केझिया


कंपाला, १३ जुलै

ताई,

पत्र बसच्या कंडक्टरनं दिलं. वर बटाट्यांची पिशवी होती, ती त्यानं निम्मीच दिली, पण देतो तरी.

मी आयुष्यभर हाताच्या गिअरवर काम केलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे आमच्या गॅरेजात सगळे लांबून बघतात. पण शेजारच्या गल्लीत एक मिस्त्री आहे, सेबुन्या नावाचा, तो हेच उघडतो. त्याला विचारून लिहितोय. तो पहिलं वाक्य असं म्हणाला, "गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा जळल्या असतील, विकायला सांग." मी म्हटलं, "तू माझ्या बहिणीला ओळखत नाहीस."

काहीही उघडू नको. फक्त बघ, वास घे, मोज.

गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, लाल. बॉनेटखाली त्याची वेगळी पट्टी आहे, इंजिनच्या तेलाच्या पट्टीच्या मागे. ती ओढ, पांढऱ्या फडक्यावर टेक. रंग लाल, तांबूस, काळा की दुधासारखा गुलाबी? करपल्याचा वास येतो का? फडक्यावर काळे कण किंवा चमक दिसते का? दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय, तो फार वाईट रोग.

मग एनिडला गाडीत बसव. ब्रेक दाबून गिअरची काडी D वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर, टाकू दे आणि तू मोज, गाडीला धक्का बसेपर्यंत किती आकडे होतात. एकदा गाडी गार असताना, एकदा तापल्यावर. मागे जायचा गिअरही तसाच बघ. पट्टीवरचा आकडा मात्र सपाट जागेवर गाडी उभी करून घे.

आणखी एक, रागावू नको. शिकाऊ लोक डावा पाय ब्रेकवर ठेवून चालवतात. त्यानंही प्लेटा जळतात.

येरेमिया


न्यारुहंगा, २१ जुलै

येरेमिया,

डावा पाय! अरे, तू तिला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचास, विसरलास? तिचा डावा पाय ब्रेकवर ठेवायचा तर तो हातानं उचलून ठेवावा लागेल. मी तुझं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिथे ती इतकी हसली की दोन आठवड्यांत पहिल्यांदा भांडी बाजूला ठेवली. म्हणून तुला माफ.

आता सपाट जागा. तू खरंच न्यारुहंगात जन्मलास ना? इथे ज्वारीच्या बुशेराची वाटी जमिनीवर ठेवली तरी ती शेजाऱ्याच्या घरी जाते. मी आणि एनिडनं सगळा डोंगर पालथा घातला. आमचं अंगण तिरकं, शाळेचं मैदान तिरकं (म्हणून खालच्या बाजूची टीम नेहमी हरते). शेवटी चर्चचं अंगण. मी पसरट ताटात पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं, पाणी ताटात सारखं उभं राहिलं. पाद्रीबाबा विचारायला आले, "केझिया, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "सरळपणा शोधतेय." ते म्हणाले, "चर्चमध्ये येऊन?" असे आहेत ते.

आता ऐक. मला इतकी मजा आली की काय सांगू. साठ वर्षं आपण गाईच्या पोटावर हात ठेवून वासरू कसं आहे ते ओळखतो, आणि गाडीचंही तसंच असतं हे कुणी मला आधी सांगितलं नाही.

गार असताना D टाकली, मी "एक" म्हणायच्या आत धक्का. मागच्या गिअरलाही तसंच. मग एनिड खाली बाजारापर्यंत जाऊन आली, गाडी तापली. आता D टाकली आणि मी एक, दोन, तीन, चार म्हटलं, तेव्हा कुठे गाडीनं अंग हलवलं. म्हणजे तापलं की आळस. माझ्या नवऱ्याचं असंच होतं.

तेलाला करपल्याचा वास नाही. फडक्यावर कण नाहीत, थोडी काळी धूळ दिसली, पण रस्त्याचीही असेल. रंग मात्र गुलाबी आला! मी घाबरले. म्हटलं, पाणी. पण मला ते दुधासारखं वाटेना, फेसासारखं वाटलं. म्हणून मी थोडं तेल काचेच्या पेल्यात घेतलं आणि चुलीपासून लांब, खिडकीत ठेवलं. शेंगा सोलून झाल्या तेव्हा बघितलं तर फेस विरला होता आणि तेल लाल, स्वच्छ, मिशनमधल्या सरबतासारखं. पाणी असतं तर असं निवळलं नसतं ना?

आणि काळजी नको, तेल कमी नाही. पट्टीवर दोन खुणा आहेत, तेल त्यांच्याही वर बोटभर होतं. इंजिन बंद करूनच मोजलं, उगाच धूर कशाला. गाडीखाली लाल थेंब पडतात, गळते थोडी, पण मी बघितलं की घालतेच. म्हणजे तेलाचा प्रश्न नाही. मग काय?

केझिया


कंपाला, ३० जुलै

ताई,

तुझं पत्र मी सेबुन्याला वाचून दाखवलं. पेल्याची गोष्ट ऐकून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "ही बाई माझ्याकडे कामाला पाठव."

तू बरोबर ओळखलंस. पाणी नाही. हवा आहे.

आता नीट वाच. या डब्यातलं तेल इंजिनच्या तेलासारखं खपत नाही. आत टाकलेलं तेवढंच वर्षानुवर्षं राहतं. आतली चाकं तेलाच्या वरच्या बाजूला फिरायची असतात. तेल जास्त झालं की चाकं त्यात बुडतात आणि घुसळतात, आई तुंब्यात दूध हलवायची तसं. फेस होतो. आतल्या प्लेटा एकमेकींना धरतात त्या तेलाच्या दाबावर, आणि फेसाला दाब नसतो. चढावर प्लेटा घसरतात. मुक्काम झाला, रात्रभर तेल निवळलं, की सकाळी गाडी पुन्हा शहाणी.

आणि तो फेस वरच्या श्वासाच्या नळीतून बाहेर सांडतो. तेच थेंब तू बघतेस. गाडी गळत नाही, ती ओकते आहे. तुम्हाला वाटतं तेल कमी झालं, आणि तुम्ही आणखी ओतता.

पण बोटभर वर! एका माणसानं थोडं थोडं घालून एवढं होत नाही. कोण कोण घालतं, ते मला कळव. खरं सांग. आणि मोजताना इंजिन चालू, गाडी तापलेली. तापलेल्या गाडीसाठी वरची खूण, गारसाठी खालची.

येरेमिया


न्यारुहंगा, ९ ऑगस्ट

येरेमिया,

बसतोस का आधी? बस.

तू खरं सांग म्हणालास, तर आधी माझं. मी दर रविवारी घालायचे, औषधाच्या बाटलीतून, थोडंसं. गाडी घेतली तेव्हा कबालेतल्या एका गॅरेजवाल्यानं थोडं लाल तेल घालून सांगितलं होतं, "ही हे पिते." पिते म्हटल्यावर उपाशी कशी ठेवायची? पण तू म्हणालास, एका माणसाचं नाही. मग मी शुक्रवारी बायकांच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवलं.

म्हटलं, "बायांनो, गाडीत तेल कुणी घातलं?"

मग युनिया म्हणाली, "चोरी झाली का?"

"चोरी नाही गं. उलटंच. कुणी घातलं ते विचारतेय."

"मग मी घातलं," युनिया लगेच म्हणाली, छाती पुढे. "सासूला दवाखान्यात नेलं, परत आणलं. गाडी तशीच परत द्यायची का, कोरडी? लोक काय म्हणतील?"

आणि तिथून धबधबाच सुटला, बाबा. कुणाकडून भांडं आणलं तर आपण रिकामं परत देत नाही, शेंगा तरी टाकतो, दोन अंडी तरी. गाडीही त्यांनी तशीच परत दिली. जो तो दवाखान्यातून आला की कबालेच्या दुकानातून लाल तेलाची बाटली आणायचा. एकीनं दोन बाटल्या घातल्या, जुळी झाली म्हणून. लोइसनं नवऱ्याच्या मयताच्या वेळची घातली आणि सांगताना रडली. पेट्रोल मंडळाच्या पेटीतून येतं, मग गाडीला आपल्याकडून द्यायचं तरी काय, तर हे. मला कुणी आधी सांगितलं नाही, कारण दिलेलं सांगत फिरायचं नसतं.

"अध्यक्षांनीही घातलं," युनिया म्हणाली. तिला सगळं माहीत असतं. "मोठी बाटली. अध्यक्ष ना ते."

मी मोजले. एकवीस घरं, येरेमिया. एकवीस घरांचं प्रेम त्या डब्यात कोंबलंय, गाडी ओकेल नाही तर काय करेल!

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. पण आता बाहेर कसं काढू? खालचा नट फिरवायचं धाडस होत नाही, सगळंच जाईल. आणि बैठक वीस दिवसांवर आली.

इंजिन चालू ठेवून, तापवून मोजलं. आता तर तेल खुणेच्या वर नळीतच चढलंय, पट्टी वरपर्यंत ओली. फेस.

केझिया


कंपाला, १५ ऑगस्ट

ताई,

घाईत लिहितोय, बस सुटते आहे.

नट फिरवू नको. पट्टी जिथे जाते त्याच नळीतून तेल वर ओढायचं. दवाखान्यातून पातळ रबरी नळी आणि मोठी पिचकारी माग. तोंडानं ओढायचं नाही! तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही, तू चव बघशील. अर्धा लिटर काढा, इंजिन चालू करा, काडी एकेक अक्षरावरून फिरवा, मोजा. पुन्हा अर्धा लिटर. वरच्या खुणेला आलं की थांबा. एक थेंब जास्त काढू नका, कमी तेलही मारतं.

आता न आवडणारं. हे सगळं करूनही चढावर घसरली, तर एवढे महिने घसरून प्लेटा खरंच गेल्यात आणि तिबेसिग्वा बरोबर आहेत. मग मी काही करू शकत नाही. हे एनिडला आधीच सांग. आशेवर ठेवून मग सांगू नको.

येरेमिया


न्यारुहंगा, ३ सप्टेंबर

माझ्या भावा,

मी सगळं क्रमानं सांगते, नाहीतर आनंदानं शेवट आधी लिहीन.

तू सांगितलंस तसं एनिडला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मला माहीत आहे," आणि रबरी नळी धुवायला लागली.

चर्चच्या अंगणात काम केलं. पिचकारी दवाखान्याच्या नर्सनं दिली, वर म्हणाली, "रुग्ण कोण?" मी म्हटलं, "पांढरी, जपानची, पोट फुगलंय." अडीच लिटर निघालं, येरेमिया! पिवळ्या कॅनमध्ये भरलं. बायका ते बघायला येत होत्या आणि आपापलं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करत होत्या. युनिया म्हणे, "वरचं माझं."

तापवून पुन्हा D टाकली. मी "एक" म्हटलं आणि दोन म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात धक्का!

मग अध्यक्ष आले. म्हणाले, "अंगणात कुणीही चालतं. वळणावर बघू." स्वतः पुढे बसले, मागे बटाट्याची चार पोती, मी आणि युनिया. कबालेपर्यंत खाली जाऊन गाडी चांगली तापवली आणि परत निघालो. निलगिरीच्या वळणावर युनियानं माझा हात एवढा दाबला की अजून निळा आहे. एनिडनं चढासाठी काडी एक अक्षर खाली ओढली. इंजिन ओरडलं नाही. ते कण्हलं, आणि गाडी चढली. हळू, पोटुशी बाई चढते तशी, पण एकदाही न थांबता. वर सपाटीला लागल्यावर गिअर बदलताना एक हिसका बसला, तो अजून बसतो. तेवढ्या प्लेटा गेल्या असतील, सेबुन्याला विचार.

अध्यक्ष उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "बैठकीत बोलू."

बैठकीला एवढी माणसं नाताळलाही नसतात. तिबेसिग्वा उभे राहिले. "गाडी चढली, ते मी बघितलं. पण मला एक सांगा. एकवीस घरांनी तेल ओतलं. ओतताना गाडी कुणाच्या ताब्यात होती?"

सगळे एनिडकडे बघायला लागले. मला वाटलं आता ती खाली बघेल आणि मी उठेन. पण ती उठली, काठी न घेता, बाकाला धरून.

"माझ्या," ती म्हणाली. "मला माहीत होतं. प्रत्येकाच्या वेळी माहीत होतं. मला वाटायचंही की हे जास्त होतंय."

"मग अडवलं का नाहीस?"

"लोक बाटली माझ्या हातात द्यायचे," ती म्हणाली. "त्याआधी माझ्या हातात कुणी काही द्यायला येत नव्हतं. मला नाही म्हणवलं नाही."

येरेमिया, मी तिची आजी. एका घरात राहते, एका ताटात जेवते. आणि हे मला ठाऊक नव्हतं. तुला एवढाली पत्रं लिहिली, फेस बघितला, थेंब मोजले, आणि शेजारी बसलेल्या पोरीला एकदा विचारलं नाही.

अध्यक्षांचा जावई मागे बसला होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मीही ओतलंय. मोठी बाटली." कुणीतरी हसलं. "म्हणून मला जास्त बोलता येत नाही. पण ड्रायव्हरला नाही म्हणता आलं पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हातात मी आजारी माणूस देणार नाही. मी स्वतः एक वेळ बसेन, पण माझ्या बायकोला त्या गाडीत बसवणार नाही. तर पुढच्या महिन्यापर्यंत बघू. गाडीतलं तेल एक थेंब वाढलं, तर पिकअप."

हात वर झाले. बहुतेक सगळे. जावयाचाही, अर्धा.

ही झाली रविवारची गोष्ट. आता काल, गुरुवारची.

फेस्टो, वरच्या वाडीतला, त्याच्या आईला एनिडनं सकाळी दवाखान्यात पोचवलं. दुपारी तो आमच्या अंगणात आला. मी घेवड्याच्या वाफ्यात वाकलेली, त्याला दिसले नाही. एनिड गाडी पुसत होती. त्याच्या हातात बाटली.

"हे घे," तो म्हणाला.

एनिडनं फडकं खांद्यावर टाकलं. "नको."

"घे गं, लाल आहे, चांगलं आहे."

"मी नको म्हटलं, फेस्टो. घरी ने."

"रिकाम्या हातानं आलो म्हणतील."

"म्हणू दे."

तो उभा राहिला. मीही वाफ्यातल्या शेंगा तोडायचं विसरले. तिनं मान खाली घातली नाही. शेवटी त्यानं बाटली खिशात कोंबली आणि विचारलं, "मग आईला आणायला उद्या कधी निघायचं?"

"आठला. खाली रस्त्यावर ये." ती पुन्हा काच पुसायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "वेळेवर ये. मी थांबणार नाही."

भावा, सव्वीस वर्षं सगळा डोंगर तिच्यासाठी थांबत आला. शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर. आज सकाळी फेस्टो साडेसातलाच रस्त्यावर येऊन उभा होता.

केझिया